एकतीस तारखेची माणसं

सुलक्षणा घोरपडेने सकाळपासून चौथ्यांदा यादी उघडली. चूक दिसत नव्हती, तरी जिवाला स्वस्थता नव्हती. मिरजेच्या कुपी-नोंद केंद्रात तिला नऊ वर्षं झाली होती, आणि यादी आटोपशीर निघाली की तिला नेहमी संशय यायचा.

मधुमेही माणसांच्या दंडात आता तांदळाएवढी कुपी बसवत. रक्तातली साखर ती स्वतःच मोजे आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडे. सुया गेल्या, पथ्याची कटकट गेली, लोक चक्क उपासतापास करू लागले. पण मार्चअखेर आलेल्या एका खेपेचं कवच कच्चं निघालं होतं. शंभर दिवसांच्या आसपास ते फाटायचं आणि उरलेलं सगळं औषध एकदम रक्तात उतरायचं. परवा दोन माणसं चालताबोलता कोसळली, तेव्हा हे उघडकीला आलं.

ही खेप पंचवीस ते एकतीस मार्च या सात दिवसांत वापरली होती. काल सुलक्षणाने नोंदयंत्राला तेवढ्याच तारखा सांगून नावं मागितली. यंत्राने पाचशे बारा नावं दिली. त्यांना निरोप गेले, संध्याकाळपर्यंत बहुतेकांच्या कुप्या निघाल्याही. घाबरून फोन करणाऱ्या बाकीच्यांना केंद्राने सांगितलं, यादीत नाव नाही, निर्धास्त राहा. सुलक्षणाने आपल्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं.

"फरीदा, दिवसाला किती कुप्या बसल्या ते जरा काढ गं," ती शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाली.

फरीदा मुजावरने आकडे पडद्यावर आणले. ऐंशी, नव्वद, सत्तर असे सहा दिवस गेले. सातव्या दिवसासमोर शून्य होतं.

"एकतीस मार्चला शून्य?" फरीदा हसलीच. "अगं, त्या दिवशी आपण जेवलो तरी होतो का? उद्दिष्ट पुरं करायला शाळाशाळांतून शिबिरं लावली होती. वर्षभर झोपायचं आणि मार्चएंडला गाव गोळा करायचं, ही आपली रीतच आहे."

सुलक्षणाने आपल्या मागणीवरून यंत्राने बनवलेला प्रश्न उघडून ओळ न् ओळ वाचली. तारखेसोबत वेळ सांगितली नव्हती, म्हणून यंत्राने 'एकतीस मार्चपर्यंत' याचा अर्थ त्या तारखेचा पहिला क्षण, म्हणजे रात्रीचे बारा, असा धरला होता. नोंदींना मात्र वेळ चिकटलेली होती. एकतीस मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं, ही वेळ यंत्राच्या हिशेबी हद्दीबाहेर पडली होती. अख्खा दिवस यंत्राने उंबऱ्याबाहेर ठेवला होता आणि तिने न वाचता त्यावर होकार दिला होता.

तिने प्रश्न बदलला. पंचवीस मार्चपासून पुढे, पण एक एप्रिल सुरू होण्याच्या आत. यंत्राला अर्धा सेकंदही लागला नाही. एकोणीसशे चार नावं वाढली. बाराव्या पानावर तिच्या वडिलांचं होतं, रामचंद्र घोरपडे, तालुका कवठे महांकाळ.

"त्यांचा आज शहाण्णवावा दिवस," फरीदा पुटपुटली. तिने लगेच सगळ्यांना निरोप सोडले. सुलक्षणाने वडिलांना फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. आज संकष्टी होती, चंद्र दिसेपर्यंत आप्पा पाण्यापलीकडे काही घेत नसत. रिकाम्या पोटी ती कुपी फाटली तर त्यांना हाक मारायलाही वेळ मिळणार नव्हता.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. "काय गं? परसात हुतो."

"आप्पा, आधी साखर खा. मूठभर. आणि लगेच दवाखान्यात जा, कुपी काढायची आहे."

"काल तर म्हणालीस, नाव न्हाई."

"काल चुकलं, आप्पा. माझ्याकडून चुकलं."

आप्पांनी एसटीच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनं खोलली होती. चुकलं म्हणणाऱ्या माणसाला ते लगेच सोडत नसत. "काल न्हाई, आज हाय. उद्या परत न्हाई म्हणशील. मी उपास मोडून तालुक्याला जायाचं आणि तुमची मशीन परत फिरायची. हात धडधाकट हाय माझा."

"आप्पा, मी पाया पडते तुमच्या," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. फरीदासमोरच ती हुंदके देत राहिली.

पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. "रडू नगंस. ही बघ, खाल्ली साखर. शेजारच्या वसंताला गाडी काढाय सांगतो."

तिने डोळे पुसले. फरीदाने आपला पडदा तिच्याकडे वळवला. निरोप सगळ्यांना पोहोचले होते आणि उत्तरं येऊ लागली होती. आष्ट्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, कालच विचारलं, तुम्हीच नाव नाही म्हणालात. विट्याच्या एका मास्तरांनी हा निरोप खोटा असल्याची तक्रार केली होती. त्याखाली आणखी कितीतरी उत्तरं, सगळ्यांचं एकच म्हणणं: काल नाही, मग आज कसं?

"फोन लावू या," फरीदा म्हणाली. "एकेकाला."

दोघी होत्या आणि हातात चार दिवसही धड नव्हते. सुलक्षणाने पहिला नंबर लावला. पलीकडून अनोळखी, सावध आवाज आला, "कोण बोलतंय?"

आपलं नाव सांगून काय उपयोग, हे तिला कळेना. आप्पांनी लेकीचं ऐकलं; पण ज्यांचं लेकरू या खोलीत बसलेलं नव्हतं, त्यांनी आता कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?