वळलेला दात

तळ्याकाठच्या उपाहारगृहाची गच्ची संध्याकाळी सातला उघडायची आणि आठ वाजता समोरच्या पाण्यावर आतषबाजी सुरू व्हायची. मधला तासभर गोड खायचं, हवं ते आणि हवं तितकं. एका लांबच लांब टेबलावर केक, पेस्ट्र्या, कस्टर्डच्या वाट्या, जाड चॉकलेटचे चौकोन आणि जेलीचे थरथरणारे डोंगर मांडून ठेवलेले असायचे. दिवसभर पार्कातल्या पाळण्यांवर ओरडून घसा बसलेली शहाणीसुरती माणसं त्या टेबलापाशी शाळा सुटल्यासारखी वागायची. एक ताटली संपायच्या आत दुसरी भरून आणायची आणि वर, 'मी तसं गोड खात नाही,' असंही सांगायची.

थोरली आणि धाकटा कठड्याजवळ बसले होते. सख्खी भावंडं. ती पन्नाशीला टेकलेली, तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान. हे टेबल तिने फोन करून मुद्दाम मागून घेतलं होतं. गेल्या वर्षी याच दिवशी याच टेबलावरून त्यांची आई नाहीशी झाली होती.

आईची सत्तरी उलटलेली, डावा गुडघा कामातून गेलेला. जिना चढायलाच तिला दहा मिनिटं लागली होती. आतषबाजीसाठी गच्चीवरचे दिवे मालवले, वीस मिनिटांनी परत लागले, तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. गच्चीला जिना एकच आणि त्याच्या तोंडाशी हातात मोजणीचं यंत्र घेतलेला माणूस. कुणी उतरलं नाही, असं त्याने पोलिसांना ठामपणे सांगितलं. कठडा छातीइतका उंच. तरी तळ्यात पाणबुडे उतरवले गेले. त्यांना चार चपला आणि एक छत्री सापडली.

थोरली त्या दिवशी आलीच नव्हती, तिला कामाची घाई होती. धाकटा आईचा हात धरून बसला होता. 'फोटो काढायला एक क्षण सोडला,' असं त्याने सगळ्यांना सांगितलं. त्या एका क्षणापायी थोरली वर्षभर त्याच्याशी कामापुरतंच बोलत आली होती. चूक त्याची, असं मनाशी पक्कं केलं की स्वतःच्या न येण्याचा विचार करावा लागत नाही, हे तिला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

उद्या आईची खोली रिकामी करायची होती. धाकटा घर बदलत होता आणि नव्या घरात एक खोली कमी होती. थोरलीने एकच अट घातली होती, की आधी एकदा या गच्चीवर जाऊन येऊ.

"काहीतरी खाऊन घे," तो म्हणाला.

"मी खायला नाही आले."

"माहितेय गं. पण मोकळ्या ताटलीने बसलो तर लोक बघतात."

ती उठली. त्याच्यासाठी केकचा एक तुकडा घेतला आणि चॉकलेटच्या ट्रेपाशी येऊन थबकली.

चौकोनांची रांग शिस्तीत लावलेली होती. त्यातल्या एकाचा कोपरा कुणीतरी चावला होता आणि चौकोन पुन्हा जागेवर ठेवून दिला होता.

थोरली कवळ्या बनवायची. अठ्ठावीस वर्षं तेच काम. दवाखान्यातून मेणाच्या पट्टीवर उमटलेला चावा यायचा, त्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यावर एकेक दात. माणसांची नावं ती विसरायची, चावा कधी विसरायची नाही. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांच्यासुद्धा ती आधी तोंडात बघते, असं धाकटा पूर्वी चिडवायचा. आईची कवळी तिनेच केली होती. वरच्या ओळीतला उजवीकडचा एक दात जरासा बाहेर वळवलेला, आईचा मूळचा दात होता तसाच. ती कामाला होती त्या दातांच्या प्रयोगशाळेचे मालक वैतागले होते. लोक पैसे मोजून वाकडे दात सरळ करून घेतात आणि ही सरळ दात वाकडे बसवतेय! पण आई हटूनच बसली होती. सरळ दातांची बाई आरशात परकी वाटते, म्हणाली.

तो वळलेला दात चॉकलेटमध्ये उमटला होता. शेजारी झीज नसलेल्या, सारख्या उंचीच्या दातांची ओळ. खालच्या बाजूला थोरलीने कानशीने उतरवलेली एक कड होती, तीही दिसत होती.

तिला एवढा आनंद झाला की ताटली दोन्ही हातांनी धरावी लागली. आई आहे. जिवंत आहे, इथेच कुठेतरी आहे आणि गोड खातेय.

"हा ट्रे कधीचा आहे?" तिने टेबलामागच्या आचाऱ्याला विचारलं.

"आत्ताच आणला, बाई. झाकण मीच काढलं." त्याने वाकून पाहिलं आणि चिमटा उचलला. "अरेरे. द्या, टाकून देतो."

"राहू दे," ती म्हणाली आणि तिने तो चौकोन कागदी रुमालात गुंडाळून घेतला.

मग ती गच्चीभर हिंडली. प्रत्येक टेबलापाशी रेंगाळली, प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. एका आजोबांची कवळी सैल होती, खाताना खडखडत होती. एका बाईचे दात इतके पांढरे होते की करणाऱ्याला चार शब्द ऐकवावेत. एकीने तर वैतागून पदर तोंडावर ओढला. आई नव्हती.

जिन्यापाशी तोच माणूस उभा होता. तिने काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "तुम्ही त्यांची मुलगी ना? चेहरा सारखा आहे."

"तुम्ही तेव्हा सांगितलंत, की ती खाली उतरली नाही."

"नाहीच उतरल्या."

"मग गेली कुठे?"

त्याने हातातल्या यंत्राकडे पाहिलं. आकडा न बघताच अंगठ्याने त्याची काच पुसली. "गेल्या, असं मी कधी म्हटलंच नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "जाऊन बसा. दिवे मालवायची वेळ झाली."

ती टेबलाशी परतली. केक धाकट्यापुढे सरकवला आणि रुमाल उघडून धरला.

"हे बघ."

त्याने पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"टाकून दे ते."

"ओळखलंस ना?"

"मी काय दातांचा डॉक्टर आहे? टाक म्हणतो ना ताई!"

दिवे गेले.

पहिला बाण तळ्यामागून सरसरत वर चढला आणि आभाळभर पांढरा फुलला. गच्चीवरची सगळी तोंडं वर झाली. थोरलीने मान वर केली नाही. ती लांब टेबलाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती.

पांढऱ्या उजेडात टेबलाजवळ कुणी नव्हतं. अंधार झाला. हिरवा उजेड पडला, तेव्हाही कुणी नव्हतं, पण कडेची पेस्ट्री चावलेली होती.

पुन्हा अंधार. लाल उजेड. तिच्या शेजारचीही चावलेली.

बार छातीत आदळत होते. दर उजेडाला ओळीतला आणखी एक पदार्थ चावलेला दिसत होता. टेबलाच्या त्या टोकापासून या टोकाकडे, कुणी सावकाश, एक पाय ओढत चालत यावं तसा.

टेबल संपलं. पुढच्या उजेडात सैल कवळीवाल्या आजोबांच्या ताटलीतला केक चावलेला होता. ते वर बघून टाळ्या वाजवत होते.

मग त्यांच्या अलीकडचं टेबल.

मग धाकट्यापुढचा केक. वळलेला दात इथूनही ओळखू येत होता.

"आई," थोरली म्हणाली.

"नको हाक मारूस." धाकट्याने तिचा दंड घट्ट धरला. तो तिच्या कानाशी बोलत होता, बार झाला की थांबत होता. "ताई, ऐक. मी हात सोडला नव्हता. फोटोबिटो काही काढला नाही. मी शेवटपर्यंत तिचा हात धरून बसलो होतो."

"मग खोटं का सांगितलंस?"

"दिवे लागले तेव्हाही हातात हात होता. बघतो तर मी माझाच डावा हात उजव्या हाताने धरून बसलो होतो." त्याला हुंदका आला. "हे कुणाला सांगणार होतो मी? तुला सांगणार होतो?"

वर्षभर आपण या पोराशी कसं वागलो, ते सगळं तिला एकदम आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली. त्याला जवळ घ्यावं म्हणून तिने अंधारात हात पुढे केला.

दुसऱ्या बाजूने तिच्या हातात हात आला.

मऊ, थोडा चिकट. अंगठ्याच्या पेरावर भाजल्याचा जुना व्रण होता. तो व्रण पडला तेव्हा थोरली चौथीत होती.

आता सोडायचा नाही. ती मनात तेवढंच म्हणत राहिली. मी सोडायची नाही. तिने दोन्ही हातांनी तो हात धरला आणि डोळे मिटून घेतले.

शेवटचे बार एकामागोमाग उडाले. मग शांत झालं. पापण्यांवर उजेड आला.

तिने डोळे उघडले. तिच्या हातात आईचाच हात होता.

आई शेजारी बसली होती. तोच करड्या रंगाचा स्वेटर, ओठांच्या कोपऱ्यात चॉकलेट. तिने आईचा हात गालाला लावला आणि ती रडली, लहानपणी रडायची तशी, नाक पुसायचंही भान न ठेवता.

"अगं, रडतेस काय?" आई म्हणाली. "उशिरा का होईना, आलीस ना. अजून सुरूही झालं नाहीये."

थोरलीने आजूबाजूला पाहिलं. तळ्यावर संध्याकाळचा उजेड होता. लांब टेबलावरच्या रांगा भरलेल्या होत्या, एकाही पदार्थाला हात लागलेला नव्हता. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जिन्याच्या जागी कठडा होता, सलग, गच्चीच्या चारही बाजूंनी.

पर्समधला फोन वाजला.

"ताई, कुठे गेलीस तू?" धाकट्याला धाप लागली होती. त्याच्यामागे खुर्च्या सरकल्याचे, माणसं हसत जिना उतरल्याचे आवाज येत होते.

"इथेच आहे रे. टेबलापाशी. आई भेटली."

पलीकडे एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ताई, मी टेबलापाशीच उभा आहे."

थोरलीने त्याच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर आईची पिशवी ठेवलेली होती आणि समोर कोरी ताटली.

"ऐक माझं," ती म्हणाली. "तुझी काही चूक नव्हती. चुकले मी. आता खाली जा. थांबू नकोस, मला शोधू नकोस, पुन्हा इकडे फिरकू नकोस. खोली उद्याच रिकामी कर."

"ताई..."

तिने फोन कट केला. तो लगेच पुन्हा वाजू लागला.

"कोण, धाकटा का?" आईने विचारलं. "मघापासून जागा धरून ठेवलीय त्याची. दे इकडे, मी सांगते."

"नको आई."

थोरलीने फोन पाठीमागे नेला. दुसरा हात सोडवून घ्यायला गेली, तर आईची बोटं सुटेनात. त्यांत जोर असा काही नव्हता, ती नुसती सुटत नव्हती. आई पुढे वाकली, मोकळ्या हाताने तिने फोन काढून घेतला आणि नेहमीसारखा तोंडासमोर आडवा धरला.

"अरे राजा, मी बोलतेय. आम्ही दोघी बसलोय बघ तुझी वाट बघत."

पलीकडे खुर्च्यांचे आवाज थांबले होते. कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. आईने खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"आलोच," धाकटा म्हणाला.