डाव्या चाकावरची पिवळी रेघ

खरं तर तो फक्त हवा भरायला आला होता. नेहमीचा पंप बंद होता, म्हणून समोर दिसलं त्या गॅरेजात गाडी घातली, एवढंच. गाडी निळी, दोन दारांची, लांब नाकाची, ऐटबाज. आत मात्र मऊ चामड्याच्या खुर्च्या, आणि बटण दाबलं की त्या पाठ चेपून देत. गॅरेजच्या उस्तादांची मुलगी हवेची नळी घेऊन चाकापाशी वाकली. तिला सगळे खमकी म्हणत, आणि ती होतीही तशीच.

"लांब निघालात का?" तिने सहज विचारलं.

"रविवारी ट्रॅकवर नेतोय. शर्यतीच्या ट्रॅकवर. त्या दिवशी कुणालाही आपापली गाडी पळवता येते म्हणे."

खमकीच्या हातातून नळी सुटली आणि फुस्स करत फरशीभर नाचली.

"ही? हा दिवाणखाना?"

"का? स्पोर्ट्स कार आहे. मागे तसं लिहिलंय."

"ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?"

तो विचारात पडला. "ब्रेकमध्ये ऑइल असतं?"

ती मटकन स्टुलावर बसली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला हा दातांचा डॉक्टर. दिसायला बरा होता, बोलायला गोड होता, आणि रविवारी स्वतःला भिंतीवर आपटून घ्यायला निघाला होता. त्याच्या ताईने वाढदिवसाची भेट म्हणून ट्रॅकवर नाव नोंदवलं होतं. "तिचं म्हणणं, मी माणूस नाही, सूचनाफलक आहे," तो म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी जोरात जाऊन दाखव म्हणाली."

"जोरात जाल हो. थांबणार कसे, ते सांगा." खमकीने हात पुढे केला. "किल्ली."

तो मुकाट्याने किल्ली देऊन चालत दवाखान्यात गेला. हवा भरायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो आला आणि दारातच थिजला. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, छत्री, दोन उशा आणि अख्खं मागचं सीट भिंतीला ओळीने टेकवून ठेवलं होतं.

"तुम्ही हिला... भादरलंत," तो कसाबसा म्हणाला.

"दात काढायच्या आधी तुम्ही भूल देता, नाही का? मीही आधी कल्पना द्यायला हवी होती. चुकलंच." पण तिच्या चेहऱ्यावर चुकल्याचं काही दिसत नव्हतं. "जोरात ब्रेक मारला की गाडीतली सुटी वस्तू उडून डोक्यात बसते. आणि वजन कमी तेवढी गाडी लवकर थांबते. ब्रेकचे पॅड नवे घालते. ऑइलही नवं. जुनं ऑइल तापून उकळलं की पेडल नुसतं खाली जातं आणि गाडी आपली चाललीच आहे."

डॉक्टरने बॉनेटकडे पाहिलं. "आणि इंजिन?"

"इंजिनाला बोट लावणार नाही. गाडीत ताकद पुष्कळ आहे. उणीव आहे ती चालवणाऱ्यात."

तो खळखळून हसला. तीही हसली, आणि हसताहसता तिचा हात डाव्या गालाकडे गेला. त्याचं हसू तिथेच थांबलं.

"दाढ दुखतेय?"

"छे."

"कधीपासून?"

"...सहा महिने."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "ब्रेकमध्ये ऑइल असतं का विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे जशा बघत होतात ना—मी आत्ता तस्साच बघतोय."

मग तो रोजच दुपारी यायला लागला. गाडी बघायला, असं म्हणायचा. खमकी त्याला कामाला लावायची, चिडवायची, आणि दीड वाजला की तिचं लक्ष आपसूक दाराकडे जायचं. हे आपल्याला काय होतंय, म्हणून तिचं तिलाच नवल वाटायचं.

चाकं बसवायची पद्धत तिने त्याला नीट शिकवली. नट आधी हाताने, मग गाडी जमिनीवर टेकवून लांब पान्याने आवळायचे. ठरलेला जोर आला की तो पाना 'कट्' असा आवाज करायचा. मग प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ, अर्धी नटावर, अर्धी चाकावर. नट जरा जरी हलला तर रेघ तुटते आणि लांबून कळतं.

"रेघ ज्याने आवळलं त्यानेच मारायची," ती म्हणाली. "आणि रेघ नाही म्हणजे चाक नाही. बाबांचा नियम आहे. ज्याच्या हातून चाक राहील, त्याने तीन महिने पाना धरायचा नाही, पार्टांच्या काउंटरवर बसायचं. काउंटरवर सहा वर्षं काढली मी. आत्ता कुठे वर्ष झालं, चाकं माझ्या हातात आली."

शनिवारी शेवटचं चाक राहिलं होतं, पुढचं डावं. खमकी पाना घेऊन गुडघ्यावर बसली. तीन नट झाले. डॉक्टर बॉनेटला टेकून उभा होता.

"ट्रॅक झाला की सोमवारी गाडी घरी न्यावी लागेल," तो हळूच म्हणाला. "मग दुपारी दीड वाजता मी करू काय... सुचत नाहीये."

खमकीने वर पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. तिचे कान तापले. "जेवा," ती म्हणाली. पाना पेटीत टाकला आणि उगाचच हात धुवायला आत निघून गेली.

रविवारी सकाळी ट्रॅकवर धुकं विरलं आणि गाड्या रांगेला लागल्या. उस्ताद आणि खमकी कठड्यापाशी उभे होते. निळी गाडी समोरून सावकाश सरकली. हेल्मेट घातलेल्या डॉक्टरने ऐटीत अंगठा दाखवला. खमकीने सवयीने चाकांकडे पाहिलं. मागचं चाक, पाच पिवळ्या रेघा. पुढचं चाक—

काळंभोर. एकही रेघ नाही.

झेंडा खाली आला आणि गाडी सुसाट निघून गेली.

खमकीने शनिवारची दुपार आठवून पाहिली. तीन नट आठवले. चौथा आठवेना. पाचवा तर नाहीच. आवळले असतील, रेघ तेवढी राहिली असेल... आणि नसतील तर? शेजारी बाबा उभे होते. आत्ता बोललं तर चाकं गेली हातातून, आणि गॅरेजचं नाव सगळ्यांसमोर. न बोललं तर—तो पुढचा विचार तिने केलाच नाही. ती धावत सुटली.

"लाल झेंडा दाखवा," तिने झेंडेवाल्याचा हातच धरला. "निळी गाडी. थांबवा."

"कारण काय सांगू?"

तिने एकदा मागे बाबांकडे पाहिलं. "पुढचं डावं चाक मी नीट आवळलेलं नाही. मी. उस्तादांच्या गॅरेजची."

दोन मिनिटांत तेच शब्द कर्ण्यावरून साऱ्या मैदानाने ऐकले. सगळ्या गाड्या थांबल्या. निळी गाडी हळूहळू आत आली. उस्ताद चाकापाशी बसले आणि पाना लावला. कट्. कट्. कट्. कट्. कट्.

"आवळलेलं आहे," ते म्हणाले. "कुणी?"

"मी," डॉक्टर हेल्मेट काढत म्हणाला. "सकाळी ह्या ट्रॅकच्या कागदांवर सह्या करायला गेल्या होत्या, तेव्हा चाकं बघितली. यांचाच पाना घेतला. तीन नट जागचे हलले नाहीत. दोन..."

"दोन काय?" खमकीने विचारलं.

"दोन अर्धा फेरा फिरले."

ती तिथेच टायरांच्या चळतीवर बसली. "म्हणजे मी तुम्हाला—"

"म्हणजे तुम्ही मला शिकवलं होतं," तो घाईने म्हणाला. "आणि विसरलात ते माझ्या बोलण्यामुळे. मग तुम्ही कशाला काउंटरवर बसायचं, असं वाटलं मला. म्हणून गप्प राहिलो. रंगाची बाटली तेवढी सापडली नाही."

"माझी चूक लपवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज खणखणीत होता. "किडलेली दाढ बघून पेशंटला सगळं छान आहे म्हणून सांगता का तुम्ही?"

त्याने मान खाली घातली. "नाही सांगत. चुकलो मी."

उस्ताद उठले. "तीन महिने काउंटर," ते मुलीला म्हणाले.

"हो बाबा."

"धावलीस, ते बरं केलंस." मग त्यांनी रंगाची बाटली डॉक्टरच्या हातात दिली. "आवळलंत तुम्ही, रेघा तुम्हीच मारा. मी चहा घेऊन येतो. सावकाश येतो."

डॉक्टर गुडघ्यावर बसला. दातांवर चालणारा हात तो, रेघा केसाएवढ्या बारीक आल्या.

"काउंटरवर काय काय विकता?" मान वर न करता त्याने विचारलं.

"वायपर, बल्ब, पट्टे."

"मग मला रोज एक वायपर लागेल."

"गाडीला दोनच असतात."

"मला कुठे काय कळतंय गाडीतलं." तो उठला. "काल जे बोललो, ते... पुरतं बोललो नव्हतो. मला तुम्ही आवडता. ट्रॅकबिक राहू दे. ते दीड वाजताचं काहीतरी करा."

आठवडाभर त्याला धक्के देणाऱ्या खमकीलाच आता धक्का बसला होता. मग तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, त्याचा अंगठा बॉनेटवर ठेवला, शेजारी आपला टेकवला आणि दोन्हींवरून एक पिवळी रेघ ओढली. अर्धी त्याच्यावर, अर्धी तिच्यावर.

"उद्या दहा वाजता येते दाढ दाखवायला," ती म्हणाली. "तेव्हा बघते, हललंय का ते."

सोमवारी दहा वाजता ती त्याच्या खुर्चीत बसली तेव्हा भीतीने तिचे हात गार पडले होते. त्याने हातमोजे चढवले, दिवा ओढला आणि वाकला. त्या पातळ रबराखाली, अंगठ्यावर, पिवळी अर्धी रेघ लख्ख दिसत होती.

"अहो, तुम्ही खरंच—"

"तीनदा साबण लावला. जात नाही," तो म्हणाला. "आता आ कर. घाबरू नकोस, मी आहे."

तिने आपला पिवळा अंगठा मुठीत घट्ट धरला आणि आ केला.