‘या’ म्हटलं म्हणून

वृद्धनिवासातल्या मंडळींनी तिचं नाव सर्वेबाई ठेवलं होतं. संशोधन संस्थेनं दिलेलं पद चांगलं लांबलचक होतं, दीर्घकालीन देखभाल आणि वृद्धांचं समाधान वगैरे. पण ते कुणाच्याच कवळीला पेलत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी ती यायची, खुर्ची ओढून पलंगाशी बसायची आणि पाच चेहऱ्यांचं कार्ड पुढे धरायची. पहिला चेहरा रडका, पाचवा हसरा. आजचा आपला चेहरा कोणता, ते बोटानं दाखवायचं.

खिडकीजवळच्या पलंगावर लोकरबाई असायच्या. दिवसभर सुया चालू, चष्मा कपाळावर आणि जीभ भलतीच तिखट. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, तरी बाईंची कशाबद्दल तक्रार नव्हती.

“पाचच चेहरे का हो? फार चिकट बुवा तुमची संस्था,” त्या म्हणायच्या. “सहावा असता तर मी सहावी.” आणि कार्डाच्या कडेबाहेर, थेट चादरीवर बोट टेकवायच्या. असली उत्तरं कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. सर्वेबाई पाचावर खूण करायची आणि दोघी हसायच्या.

ते हसू घरी पोचेपर्यंत टिकत नसे. घरी आई होती. आईच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. घास तोंडात धरून ती तशीच बसून राहायची, गिळायचं असतं हेच विसरायची. अंगावर कपडे लोंबायला लागले होते. दादा लांबच्या शहरात. “तुला यातलं कळतं, तूच काय ते बघ,” असं फोनवर म्हणून तो मोकळा व्हायचा. एकच शब्द आईपाशी शिल्लक होता. दाराला किल्ली लागली की ती आतून विचारायची, “आलीस?” त्या शब्दाच्या जोरावर सर्वेबाई दिवस ढकलत होती. बाकी सगळं गेलं तरी चालेल, तेवढा शब्द राहू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या खेपेला लोकरबाई फारच खंगल्या होत्या. सुया उशाला पडून होत्या. प्रश्न संपवून सर्वेबाई उठली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

“येते हं मी.”

ज्या बाईला कूस बदलायला दोन माणसं लागतात, तिनं निरोप घ्यावा, हे विचित्रच होतं. पण या शब्दाचं उत्तर जिभेवर तयारच असतं, त्याला विचार करावा लागत नाही. “हो, या ना,” सर्वेबाई म्हणाली. “नक्की या.”

पलीकडे चादर घालणारी मेट्रन थबकली. तिनं सर्वेबाईला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

“इथं कुणी ‘येते’ म्हणालं, तर आम्ही नुसतं ‘बरं’ म्हणतो. ‘या’ म्हणत नाही.”

“का?”

मेट्रननं आत खिडकीजवळच्या पलंगाकडे एक नजर टाकली. “तुमचं कुणी इथं राहत नाही ना?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग बरं.”

त्याच आठवड्यात लोकरबाई गेल्या. पुढे आई न्हाणीघरात पडली. तिला यापुढे एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नोकरी सोडली तर दोघी खाणार काय? वृद्धनिवासात एकच पलंग रिकामा होता, खिडकीजवळचा. “दुसरा होईपर्यंत थांबा की,” मेट्रन म्हणाली. पण एका शब्दाला भिऊन आईला टांगून ठेवणाऱ्यांतली सर्वेबाई नव्हती. इथली माणसं समाधानी आहेत, हे तिच्याच संशोधनानं दाखवलं होतं.

आणि आई खरंच सुधारली. आधी पेज गिळायला लागली, मग भात. सर्वेबाई व्हरांड्यात जाऊन रडली, इतकं तिला बरं वाटलं. ती आली की आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहायची आणि मग, जरा शोधून काढल्यासारखं, “आलीस?” म्हणायची. एवढा उशीर सर्वेबाई पोटात घालत होती.

पुढच्या एका भेटीत आईची बोटं मांडीवर हलत होती. नसलेला धागा नसलेल्या सुईवर चढत होता. आईनं जन्मात साधं बटण लावलं नव्हतं. बटण तुटलं की सेफ्टी पिन, हा तिचा खाक्या. हातांना चाळा लागतोच या आजारात, सर्वेबाईनं स्वतःला समजावलं. वाचलेलं होतं तिनं.

मग आईला चष्मा कपाळावर लागायला लागला. मग ती नर्सची फिरकी घेऊ लागली. सगळा वॉर्ड हसायचा. सर्वेबाईही हसायची, पण ती तिखट जीभ तिला ओळखीची वाटायची.

एका दुपारी ती दारात उभी राहिली. आईनं वर पाहिलं. या वेळी शोधावं लागलं नाही.

“आलात?”

सर्वेबाई खुर्ची ओढून बसली. काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं पिशवीतून कार्ड काढलं.

आईचं बोट पहिल्या चेहऱ्यावरून सरकत पाचव्यापर्यंत आलं. तिथं थांबलं नाही. कड ओलांडून ते चादरीवर टेकलं.

“मुलं किती तुम्हाला?” सर्वेबाईनं विचारलं.

“छे हो. मूलबाळ कुठलं मला!”

“माझी आई कुठं आहे?”

त्या ओळखीच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव दाटून आली.

“अगंबाई. घरी असेल की. म्हाताऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये हो.”

दाराबाहेर मेट्रन जेवणाची गाडी घेऊन थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“घरी नेलंत तर हे सुटेल,” ती हळूच म्हणाली.

“मग आई येईल?”

“ते नाही सांगता येत. जेवण मात्र पुन्हा सुटतं.”

सर्वेबाईनं आत पाहिलं. गाल भरले होते. मनगटाची हाडं दिसेनाशी झाली होती. तो न गिळलेला घास तिला आठवला. इतक्या वर्षांत प्रथमच कुठंच काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

“सांगा,” मेट्रन म्हणाली. “नेताय?”

“नको. राहू द्या त्यांना इथंच.”

जन्मात पहिल्यांदा ती आईला ‘त्या’ म्हणाली होती आणि ते अगदी सहज तोंडातून गेलं होतं. मेट्रननं मान खाली घातली आणि ताट आत नेलं.

थोड्या वेळानं आतून वाटी वाजली. त्यांना अजून भूक होती.