अर्धा राहिलेला पाव

खोटं सांगून मला काय मिळणार? जिथे हे घडलं, त्याच घरात बसून लिहितेय.

जून १९४२. क्रीट बेट. जर्मनांना येऊन वर्ष झालेलं. खालच्या माळावर त्यांची विमानं उभी असत. वर आमच्या गावात माझी आर्गिरो मावशी राहायची.

भर दुपारी तिचा नवरा स्त्रातिस जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या एका परक्या सैनिकाला घेऊन आला. त्याच रात्री विमानांना सुरुंग लावायला जाणार होता तो सैनिक.

“पोराला खायला घाल. आणि जीभ आवर.”

“लग्न झाल्यापासून तेच करतेय,” मावशी म्हणाली.

तिनं जवाचा कडक पाव भिजवून दिला. सोबत ऑलिव्ह. नाव मात्र विचारलं नाही. आमच्यात पाहुण्याचं खाणं संपल्याशिवाय त्याला नाव विचारत नाहीत.

अर्धा पाव झाला...

बाहेर शीळ वाजली. गस्त येत होती.

“येऊन संपवतो, आई,” तो मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये म्हणाला. खुर्ची मागे सरकली. गेला.

रात्री माळ पेटला. तो काही परतला नाही.

तिसऱ्या दिवशी जर्मनांनी गावातले दहा पुरुष भिंतीशी उभे केले. स्त्रातिस सातवा.

मावशी रडली नाही. चाळिसाव्या दिवशी, आमच्या रीतीप्रमाणे, मेलेल्यांसाठी उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन चर्चमध्ये गेली. फादर लिनार्दोस मेलेल्यांची नावं वाचणार होते.

“फादर, अजून एक आहे.”

“नाव?”

“विचारलं नाही.”

“मग हाक कुणाला मारू, आर्गिरो?”

“त्याचं खाणं व्हायचं होतं.”

फादर यादीकडे वळले. ती घरी आली.

दुपार. ऑलिव्हच्या झाडांवर किडे किरकिरत होते...

एकदम थांबले.

स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. टेबलाकडे.

खुर्चीत कुणी नव्हतं.

मावशीनं पाव वाढला आणि भांडी घासायला बसली.

पुढे चाळीस वर्षं रोज हेच. अर्धा पाव संपायचा. अर्धा राहायचा. मग खुर्ची मागे सरकायची.

“उंदीर असेल,” मी म्हणायचे.

“उंदीर अर्धा ठेवत नाही, बाई.”

मावशी गेली. आता ताट मी वाढते.

आजही किडे थांबले. ताट वाढून मी अंगणात गेले. आत्ता परत आलेय...

ताट रिकामं आहे. चुरासुद्धा नाही.

खुर्ची अजून मागे सरकलेली नाही.

आता नाव मी विचारायचंय. आणि माझी जीभ उचलत नाही.