पोवळ्यावरचा उजेड

लॅबवाल्या बाई आधी मोजायच्या आणि मग भांडायच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! नवरा गेल्यावर त्याची खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी त्यांनी हट्टानं चालू ठेवली होती. तिच्यातलं जांभळं पोवळं त्यानं आणलं तेव्हा नखाएवढं होतं, आता मुठीएवढं झालं होतं. आणि गेल्या महिन्यापासून ते पांढरं पडायला लागलं होतं.

"आई, पुरे झालं आता," मुलगा फोनवर म्हणाला. "रविवारी येतो आणि टाकी देऊन टाकतो कुणाला तरी."

"पोवळं जिवंत आहे तोवर टाकीला हात लावून तर दाखव!" बाईंनी फोन आपटला.

पोवळं उजेडावर जगतं. बाईंनी प्रकाश मोजायचा मीटर मागवला, त्याचा सेन्सर काठीला बांधला, वरचा एलईडी दिवा पूर्ण लावला आणि टाकीच्या तळाशी जागोजागी आकडे टिपले. डावीकडे एकशे ऐंशी. उजवीकडे एकशे पंच्याहत्तर. पोवळ्यावर साठ.

काहीतरी घोळ असणार. त्यांनी दिवा पुसला, फिरवला, शेवटी नवा आणून लावला. तरी साठच. मग सेन्सर पोवळ्यावरून सरळ वर उचलत आणला. साठ, साठ, साठ, आणि पाणी संपायला चार बोटं राहिली असताना एकदम तीनशे. मध्ये काहीच नव्हतं. पाणी नितळ होतं. मासे मात्र तेवढ्याच जागेला वळसा घालून पोहत होते. बाईंनी हात घातला. तिथलं पाणी कोमट लागलं, कुणीतरी नुकतंच उठून गेलंय अशा खुर्चीसारखं.

त्यांनी हात झटकन बाहेर काढला. पण दुसऱ्याच क्षणी त्या भडकल्या.

"वा रे वा! माझ्या घरात येऊन माझ्याच पोवळ्याचा उजेड अडवतोस? सरक!"

साठ.

"सरक म्हणते ना!"

आकडा थरथरला. नव्वद. एकशे तीस. एकशे ऐंशी.

रविवारी मुलगा आला तेव्हा पोवळ्याच्या कडेला बारीक जांभळी रेघ उमटली होती. बाईंनी ती हरखून दाखवली.

"हात टेकले तुझ्यापुढे," तो हसत म्हणाला. "राहू दे टाकी." मग पेपर घेऊन तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. दुपारचं ऊन थेट त्याच्या मांडीवर पडत होतं.

"आई, दिवा लाव ना जरा. अक्षरं दिसत नाहीयेत."

बाईंनी बाहेर पाहिलं. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. मीटर उचलून त्या धावल्या. खिडकीच्या चौकटीवर बाराशे. त्याच्या पेपरवर पाच.

"सरक," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"कोण, मी?" मुलानं विचारलं.

दोन.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर उन्हात बसल्या. "त्याला सोड. यायचं तर माझ्याकडे ये. मी नाही घाबरत तुला."

"कुणाशी बोलतेयस गं?" मुलानं पेपर झटकला. "हां, आता दिसतंय छान. ढग आला होता बहुतेक."

"असेल," बाई म्हणाल्या.

त्या ताठ बसून राहिल्या. ऊन गुडघ्यांना चटके देत होतं. मीटर त्यांनी डोळ्यांपाशी नेला, मग आणखी जवळ नेला. आकडा काही वाचता येईना.