हाकेला ओ

शिवकुमारला कचेरीच्या कामापेक्षा घरच्या उद्योगांचं वेड जास्त. सुट्टीच्या दिवशी बाळीवेशीतल्या घरात पंख्याखाली मांडी ठोकायची, काहीतरी कोड लिहायचा आणि नेटवर सगळ्या जगाला फुकट खुला करायचा. तिकडे बहुधा कुत्रंही फिरकत नसे. पण यंदाचा प्रकल्प जिवाभावाचा होता. काचबिंदूनं आईची, ईरम्माची, नजर गेली होती. घरात दोघंच. तो कामावर असताना तिनं नुसतं बोलून फोन लावावा म्हटलं, तर तिची निम्मी कानडी, निम्मी मराठी कुठल्याच फोनला उमजेना.

प्रोग्रामला शिकवायला तिचा आवाज हवा होता. "अव्वा, तू मला हाका मार. मी बोलणार नाही, माझा आवाज आला की घोळ होतो."

शेंगाचटणी कुटणारं मुसळ थांबलं. "हाक मारल्यावर ओ द्यावं रं. मोकळी हाक बरी न्हाय."

"अगं, मशीनसाठी आहे की!"

ती कुरकुरत हाका मारत राहिली. "शिवू, बा इकडं." "शिवू, जेवाय ये." हा समोरच मूग गिळून बसला. मग रेकॉर्ड केलेले तिच्या आवाजाचे ते सगळे नमुने त्यानं प्रकल्पासोबत नेटवर टाकले.

लोकांनी खरंच हातभार लावला. मोहोळच्या ऋतुजानं तर कितीतरी चुका सुधारून दिल्या. मग एका बिननावाच्या खात्यावरून आवाजाचा नवा नमुना आला. "शिवू, तांब्या सांडला रं." आवाज अव्वाचा. मागं त्यांच्याच पंख्याची करकर. हल्ली मशीनकडून कसलीही नक्कल होते, असं म्हणून त्यानं हसून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात काहीतरी गडगडलं. "शिवू, तांब्या सांडला रं."

पुढचा नमुना आला, "दारात काशम्मा आलीय बघ." संध्याकाळी शेजारची काशम्मा विरजण मागायला आली. शिवकुमारचा जीव थाऱ्यावर राहीना. उद्या एखाद्या नमुन्यात अव्वा कण्हताना ऐकू आली तर? कचेरीतून तो सारखा घरी फोन करू लागला. "मी हितंच हाय की, कुटं जाती?" ती वैतागायची. शेवटी आणखी एक नमुना आला, तेव्हा तो न ऐकताच त्यानं अख्खा प्रकल्प नेटवरून पुसून टाकला.

रविवारी दुपारी तो पंख्याखाली मांडी ठोकून बसला असताना ऋतुजाचा मेसेज आला. "दादा, प्रकल्प का काढलात? माझ्याकडे प्रत आहे, काळजी नको. शेवटचा नमुना ऐकलात का? आई नुसत्या हाका मारतायत आणि तुम्ही ओच देत नाही. केवढा लांब आहे तो! शेवटी त्या रडतायत का?"

अव्वा हाका मारतेय, म्हणजे ती धडधाकट आहे. त्याला केवढं हायसं वाटलं. मग त्यानं मेसेज पुन्हा वाचला.

आत मुसळ थांबलं.

"शिवू, बा इकडं."

"ओ!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

पंखा करकरत होता.

"शिवू?"

"आलो, अव्वा, आलो!" धावत जाऊन तो तिच्या पुढ्यात बसला. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरला.

माशी बसावी तसा ईरम्मानं तो हात झटकला आणि त्याच्या अंगावरून बाहेर, पंख्याखालच्या जागेकडे तोंड केलं.

"शिवू, आरं ओ तरी दे की."