कोटाचा आतला खिसा

अर्जाखाली भीमाबाईचा अंगठा उमटला, तेव्हा रुपराव ठोंबऱ्यांना मनातून हसूच आलं होतं. शाळेत फरशी पुसणारी बाई, आणि दावा काय, तर काचेच्या कपाटातला कॅप्टनसाहेबांचा कोट तिच्या नवऱ्याचा! चार दिवसांनी हेच हसू आठवून त्यांना स्वतःचा संताप यायचा होता. पण ते पुढे.

१९७२ चा जानेवारी. बांगलादेशची लढाई नुकतीच जिंकलेली, आणि नागपुरात घराघरातून एकेक शूर आजोबा बाहेर पडत होता. शोभाताई मुख्याध्यापिका होत्या त्या शाळेनं सव्वीस जानेवारीसाठी आपल्या भागातल्या सैनिकांचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यात मानाची जागा मिळाली होती मार्तंडराव मालगुजारांनी दिलेल्या एका जुन्या खाकी कोटाला. खांद्यांवर तीन-तीन पितळी तारे, खाली पाटीवर मार्तंडरावांच्या वडिलांचं नाव आणि ‘कॅप्टन, ब्रह्मदेश आघाडी’. सव्वीस तारखेला शाळेसमोरच्या चौकालाही तेच नाव मिळणार होतं.

“एकदा का चौकात पाटी लागली, की मंग मी कितीबी बोंबलली तरी कोन आयकते?” भीमाबाई म्हणाली. “बाई, कोट त्यायचा आहे. कोपराले हिरव्या दोऱ्याचा रफू आहे, तो माह्या हातचा.”

“रफू काचेतूनही दिसतो, भीमाबाई,” शोभाताई अवघडून म्हणाल्या. “मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण उद्या जाब मला विचारतील. म्हणून तर इथं घेऊन आले.”

‘इथं’ म्हणजे धंतोलीत, उत्तराताई खानझोड्यांच्या ओसरीवर. नवरा पोलीस खात्यात होता; तो गेल्यावर उत्तराताईंनी खासगी चौकशीचं काम सुरू केलं, आणि आता अर्धं खातं त्यांना बिचकून असे. रुपराव त्यांचे शेजारी, कोर्टातून निवृत्त झालेले टायपिस्ट. अहवाल टाइप करून देत आणि सल्ला न मागता देत.

“कोट तुमच्याकडून गेला कसा?” उत्तराताईंनी विचारलं.

भीमाबाईनं मान खाली घातली. “ते नाही सांगत. त्यायनं शपथ घातली होती.”

“त्यांच्या अंगात कितीदा पाहिला?”

“सुट्टीवर येत तवा पेटीत घालून आणत. गावात आपलं धोतरच. अंगात घालून एकदाच आले, लढाई संपल्यावर, सेहेचाळीस साली. माह्यासाठी आतल्या खिशात काईतरी आणलं होतं. काय, ते मले अजून ठाऊक नाही. विचारलं की म्हनत, ते कोटातच राह्यलं. एकोणसाठ साली गेले, तरी सांगतलं नाही.”

“गाव कोणतं?”

“आंबेढोकी. भिवापूरजवळ.”

“मार्तंडरावांची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, त्याच गावची होती,” शोभाताई म्हणाल्या.

रुपरावांनी टाइपरायटरवरून डोळे वर केले नाहीत. बाईनं गोष्ट झकास रचली आहे, एवढंच त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत शोभाताईंनी कपाट उघडलं. रुपराव कोटावर वाकले आणि लागोपाठ तीन शिंका देऊन मागे हटले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“धूळ फार आहे.”

“धुळीनं डोळे असे चुरचुरत नाहीत, रुपराव,” म्हणत उत्तराताईंनी बाही खिडकीच्या उजेडाकडे वळवली. सगळा कोट विटून मातकट पिवळा झाला होता, पण दंडावर एकाखाली एक असे दोन टोकदार पट्टे गर्द राहिले होते. मग त्यांनी नखानं खांद्यावरचा एक तारा उचलून पाहिला. तारा नव्या, चकचकीत दोऱ्यानं टाचलेला होता, आणि त्याच्याखालचं कापड बाकीच्या कोटाइतकंच विटलेलं होतं.

शेवटी त्यांनी कोटाच्या डाव्या छातीवर तळहात दाबला. क्षणभर तसाच ठेवला.

“कपाट बंद करा, शोभाताई. कुलपावर कागद चिकटवून आपण तिघं सह्या करू. पंचवीस तारखेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

मार्तंडरावांचा बंगला सिव्हिल लाइन्समध्ये होता. चहा आला, बिस्किटं आली. मार्तंडराव हातातली वेताची छडी फिरवत अदबीनं बोलत होते, आणि रुपरावांवर त्या अदबीची छाप पडली.

“बाबांची तेवढीच आठवण. पंचवीस वर्षं याच घरात, चंदनाच्या पेटीत ठेवलाय. दर दसऱ्याला मी स्वतःच्या हातानं झटकतो. खिसा न् खिसा.”

“शाळेत कोणी पोचवला?”

“रामाजीनं. गावी आमचा सालदार गडी होता, आता फाटकावर असतो.”

“आणि भीमाबाई रंगारी?”

मार्तंडराव हसले. “तिचा नवरा फौजेत होता म्हणे. या लोकांना हल्ली सगळंच आपलं वाटायला लागलंय. काय, रुपरावजी?”

रुपरावांनी मान डोलावली. चहा पोटात होता, मान आपोआप डोलली.

निघताना फाटकाशी रामाजी भेटला. म्हातारा इतका उंच, की फाटकावरच्या कमानीखालून जाताना त्याला मान लववावी लागे.

“काय रामाजी, कोट शाळेत नेला तो तुम्हीच काढला ना?”

“मीच काढला, बाई. काठीनं काढला खुंटीवरून, अन् पोत्यात घातला.”

“काठीनं काहून?”

“तसंच राह्यते ना ते. टांगला बी काठीनंच होता.” एवढं बोलून रामाजीनं बंगल्याकडे पाहिलं, आणि तो नसलेला कचरा झाडायला लागला.

“खुंटी उंच असेल,” रस्त्यावर आल्यावर रुपराव म्हणाले.

उत्तराताई वळून रामाजीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा रुपरावांनी इतका लाल कधी पाहिला नव्हता.

पंचवीस तारखेला दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पाचजणांना बोलावलं होतं. मार्तंडराव खुर्चीत बसले, रामाजी त्यांच्यामागे उभा राहिला. भीमाबाई दाराशी टेकून होती; उत्तराताईंनी तिला हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. कुलपावरच्या सह्या शाबूत असल्याचं शोभाताईंनी सगळ्यांना दाखवलं.

“हा कोट कॅप्टनचा नाही,” उत्तराताईंनी सुरुवात केली. “वर्षानुवर्षं शिवलेली फीत काढली, की खालचं कापड मूळ रंगाचं राहतं. या बाहीवर दोन फितींची खूण आहे. दोन फिती नाईकाच्या. ताऱ्यांखाली मात्र तशी खूण नाही, कारण तारे गेल्या महिन्यात कुणा शिंप्याकडून टाचून घेतलेत.”

“बाबा आधी नाईक असतील,” मार्तंडराव म्हणाले.

“असतील. कोट कुठं ठेवला होता म्हणालात?”

“चंदनाच्या पेटीत.”

“चंदनानं रुपरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या? या कोटाच्या शिवणीशिवणीत भिवापुरी मिरचीचा खकाणा बसलाय. आणि रामाजी म्हणतो खुंटी. म्हणजे पेटी नाही आणि नागपूरही नाही. हा कोट तुमच्या गावच्या वाड्यामागे मिरचीच्या कोठ्यात टांगलेला होता. कर्तबगार बापाचा कोट कोणी मिरच्यांत टांगतं?”

मार्तंडरावांनी छडी जमिनीवर आपटली. उत्तराताईंचा आवाज आता चढला होता.

“आता काठी. कमानीला ज्याचं डोकं लागतं त्याला कसली खुंटी उंच? रुपराव, तुम्ही खेड्यात वाढलात. कोणता कपडा काठीनं उचलतात, सांगा यांना.”

रुपरावांच्याही घरी दारामागे तशी एक काठी असायची. लहानपणी तिच्याशी ते खेळले होते. चार दिवस ही गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि त्यांना दिसली नाही, कारण बघायची नव्हती.

“महाराचा,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“तेव्हा तसंच म्हणत. सेहेचाळीस साली ब्रह्मदेशातून लढून आलेला एक नाईक गणवेश घालून आंबेढोकीच्या वेशीतून आत आला. इतकी वर्षं तो कोट पेटीतून आणायचा, धोतर नेसून यायचा. का, ते आता कळलं. त्या एका दिवशी त्याला वाटलं, आता कोण अडवणार? तुमच्या वडिलांनी अडवलं. कोट हिसकावून घेतला.”

“हिसकावला नाही, बाई.” भीमाबाई पहिल्यांदा बोलली. “त्यायलेच काढाले लावला. एकेक बटन. अख्ख्या गावासमोर. मी वेशीवर आरती घेऊन उभी होती.” ती थांबली. “शपथ मोडली आज. मोडू द्या.”

माणूस देशोदेशी गोळ्या झेलून येतो, आणि आपल्या गावच्या वेशीवर आपलेच लोक त्याचा कोट उतरवतात! वर पंचवीस वर्षांनी तोच कोट बापाच्या नावानं मिरवायला काढतात! रुपरावांची कानशिलं तापली.

“या सगळ्या गोष्टी झाल्या,” मार्तंडराव म्हणाले. “पुरावा दाखवा.”

“पुरावा तुम्हीच काढून द्या. दर दसऱ्याला खिसा न् खिसा झटकता ना? मग डाव्या आतल्या खिशात काय आहे ते सांगा. नाहीतर घाला हात.”

शोभाताईंनी कागद फाडून कुलूप काढलं. मार्तंडराव उठले, कोटापाशी गेले. हात पुढे केला. कोटापासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत मागे आला. त्यांनी छडी उचलली आणि छडीच्या टोकानं कोटाची कड सारायला गेले.

“पुरे,” उत्तराताई म्हणाल्या. “पाहिलं सगळ्यांनी. पंचवीस वर्षांत तुमच्या घरातल्या एकाही माणसानं या खिशात हात घातला नाही, विटाळ होईल म्हणून. खिसा चाचपला असतात तर आत आहे ते जाळून मोकळे झाला असतात, आणि मी हात हलवत परत गेले असते. तुमच्या शिवाशिवीनंच हा पुरावा सांभाळलाय. भीमाबाई, या.”

बटण घट्ट झालं होतं. भीमाबाईनं ते दोन्ही अंगठ्यांनी सोडवलं आणि खिशातून दुमडलेली एक पातळ अंकलिपी काढली. तिच्यात शिसपेन्सिलीचा तुकडा होता. पहिल्या पानावर मोठाल्या, हललेल्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. ते तिनं रुपरावांपुढे धरलं.

“वाचा, भाऊ.”

रुपरावांनी आयुष्यभर कोर्टातले हजारो कागद वाचले होते. या दोन ओळींना त्यांना वेळ लागला.

“‘भीमाले. फौजेत मी लिहाले शिकलो. आता तुले शिकवतो. नाईक कवडू रंगारी.’”

भीमाबाई पानाकडे बघत राहिली. “पोरायले शिकवलं त्यायनं,” ती म्हणाली. “मले कधी शिकवाले बसले नाही. मले वाटे, त्यायले मी अडाणीच बरी म्हनून.”

मार्तंडराव दाराकडे निघाले. “चल, रामाजी.” रामाजी जागचा हलला नाही. मार्तंडरावांना एकटंच जावं लागलं.

शोभाताईंनी कपाटाखालची पाटी उपटून टोपलीत टाकली. “चौकाचं नाव माझ्या हातात नाही, पण हे सगळं लिहून आजच महापालिकेच्या साहेबांच्या टेबलावर ठेवते. पाटी कशी लागते ते बघू.” मग कोट मिळाल्याची पावती आली आणि सवयीनं त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

भीमाबाईनं तो बाजूला केला. अंकलिपी पावतीशेजारी उघडली आणि पेन्सिलीचा तुकडा उचलला.

“यातला माह्या नावाचा पहिला कोनता, भाऊ?”

रुपरावांनी अक्षर दाखवलं. मग खुर्ची ओढून ते तिच्याशेजारी बसले आणि तिचा हात आपल्या हातात धरून गिरवायला लागले. पहिलंच अक्षर उमटायला चांगली दहा मिनिटं लागली.